वाढवून लावलेली दोन वर्षं

बळवंत इंगवल्यांचा वाढदिवस कागदावर एक जूनला येतो. त्या दिवशी कुणी हौसेनं फोन करून शुभेच्छा दिल्या, की पलीकडून नुसतं "हं" ऐकू येतं. कारण बळवंतराव जन्मले वसुबारसेला, १९६३ च्या दिवाळीत. पण कोल्हापुरात, पेठेतल्या शाळेत नाव घालायला वडील त्यांना घेऊन गेले, तेव्हा मास्तरांनी पोराला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धर" म्हणाले. कान जेमतेम बोटाला लागला, म्हणजे वडिलांनी कोपर जरा ढकललं म्हणून लागला, आणि मास्तरांनी रजिस्टरात लिहून टाकलं: एक जून १९६२. त्यांच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच. शाळा जूनमध्ये उघडते, मास्तरांना सोपं पडतं, विषय संपला. पुढेमागे कुणी यावर संशोधन केलंच तर त्याला वाटायचं, त्या पेठेतल्या बायका सगळ्या ठरवून एकाच दिवशी बाळंत व्हायच्या की काय!

आता याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. बळवंतरावांना विचारा. केंद्र सरकारच्या नोकरीत माणूस जन्मल्यापासून म्हातारा होत नाही, दाखल्यापासून होतो. १९८५ साली ते कारकून म्हणून दिल्लीला आले, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला, आणि सदतीस वर्षं एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये काढली. इतरांच्या सर्व्हिस बुकांची राखण हेच काम. साठी जवळ आली की भल्याभल्या अधिकाऱ्यांना आपण खरं म्हणजे दीड-दोन वर्षांनी तरुण असल्याचा साक्षात्कार व्हायचा, आणि जन्मतारीख बदलण्याचा अर्ज बळवंतरावांच्या टेबलावर यायचा. बळवंतराव चष्मा पुसायचे, अर्ज दोनदा वाचायचे आणि खाली शेरा मारायचे: पुरावा नाही, अर्ज फेटाळावा. गडी इतका कडक, की नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःचाच अर्ज केला होता, तो फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आला, आणि त्याही अर्जाखाली त्यांनी तोच शेरा मारला. साहेबांनी हसत सही केली. बळवंतराव हसले नाहीत.

"कागद बोलतो, माणूस बडबडतो," हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यापायी स्वतःचे सतरा महिने गेले आणि हातातोंडाशी आलेली बढतीही गेली. ३१ मे २०२२ ला हार-नारळ घेऊन घरी आले. एक तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या अखेरीलाच घरी बसवतात. मास्तरांनी निदान दोन जून लावला असता तरी महिनाभर मिळाला असता, हे गणित त्यांनी बायकोला, अलकाताईंना, इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, त्या मास्तरांना वर जाऊन भेटा एकदा, आणि काय ते मिटवून टाका."

निवृत्तीनंतर दोघं फरीदाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सोसायटीपासून दहा मिनिटांवर एका बंद पडलेल्या कारखान्याचं मैदान होतं. ते 'अरावली युनायटेड' या व्यावसायिक फुटबॉल क्लबनं भाड्यानं घेतलेलं. क्लबचा मोठा संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. दरवर्षी बाहेरून खेळाडू आणायचे आणि दरवर्षी गुणतक्त्याच्या मध्यावर लटकायचं, याला कंटाळून मालकांनी ठरवलं की आपली पोरं आपणच घडवू. म्हणून ही अकादमी. पहिल्या वर्षी तिचं रूप काय सांगावं! पत्र्याचे दोन कंटेनर, पाण्याचा एक टँकर, सव्वीस मुलं, आणि गवत म्हणाल तर फक्त कडेला, जिथे कुणी खेळत नाही तिथे.

बळवंतराव सकाळी फिरायला निघत आणि कुंपणाशी अडकून पडत. तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळलेले, उजव्या बगलेवर. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल गप्प बसून बघता येत नाही. एके दिवशी एक मुलगा बॉल पायात धरून सगळ्यांना चकवत सुटला, तेव्हा हे जाळीतून ओरडले, "अरं सोड की बॉल! घरी नेतोस काय?"

आतला तरुण प्रमुख गर्रकन वळला. साकेत त्याचं नाव, पुण्याचा, गुरगावची ऑफिसातली नोकरी सोडून प्रशिक्षक झालेला. तो जाळीपाशी आला आणि म्हणाला, "काका, कोल्हापूर ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या पुण्यात इतक्या मायेनं कुणी ओरडत नाही."

तिथून ओळख वाढली, आणि चहाच्या तिसऱ्या भेटीत साकेतनं रडगाणं गायलं. मुलं घडवणं सोपं आहे काका, म्हणाला, पण वयाचे कागद! पालक वय दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी कमी लावून आणतात. मोठा मुलगा लहानांत खेळला की सामने जिंकतो, बक्षिसं घेतो, आणि सतराव्या वर्षी कळतं की तो वीस वर्षांचा आहे आणि आता आणखी वाढायचा नाही. खऱ्या वयाची पोरं तोवर धक्के खाऊन घरी गेलेली. "तेरा वर्षांखालच्या संघात माझा एक जण रोज दाढी करून येतो," साकेत म्हणाला. "मी कुणाकडे बघू?"

बळवंतरावांच्या डोळ्यांत किती दिवसांनी चमक आली! दुसऱ्या दिवसापासून ते अकादमीचे रजिस्ट्रार. त्यांनी जाड बांधणीचं एक रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले, शेवटचा रकाना लाल शाईनं: 'वय लपवले आहे काय? होय / नाही.' पहिल्या वर्षात नऊ मुलं बाहेर काढली. पालक रडले, हात जोडले, एकानं तर काजूकतलीचा डबा टेबलावर ठेवला. डबा परत गेला आणि मुलगाही. फरीदाबादच्या मैदानांवर त्यांचं नाव पडलं 'बर्थडे अंकल', आणि वय चोरणाऱ्यांनी अरावलीकडे फिरकणंच बंद केलं.

कुणी काही म्हणो, अकादमी उभी राहिली ती या कडकपणावर. तीन वर्षांत सव्वीसची नव्वद मुलं झाली, मैदानभर गवत आलं, भाड्याच्या दुमजली इमारतीत चाळीस जणांचं वसतिगृह झालं, तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालचे तीन संघ झाले. इथली दोन मुलं मोठ्या संघाच्या बाकावर जाऊन बसली. फुटबॉल संघटनेची तपासणी मे महिन्यात व्हायची होती. त्यात वरची श्रेणी मिळाली की अकादमीचे संघ देशपातळीवर खेळणार. साकेत त्या तपासणीच्या नावानं झोपेत दचकायचा म्हणे.

आणि नेमकं याच वेळी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, ज्ञानोबा आला.

एप्रिलमध्ये 'सोडायच्या मुलांची यादी' होते. वर्षभर बघून ज्यांचं पुढं काही होणार नाही असं वाटतं, त्यांच्या पालकांना बोलावून सांगायचं: बाबांनो, न्या घरी. त्या यादीत यंदा विष्णूचं नाव होतं. पंधरा वर्षांखालच्या संघातला, वसतिगृहात राहणारा, चणीनं लहानखुरा पोरगा. त्याच्या प्रशिक्षकानं, जयदीपनं, लिहिलं होतं: पायात जादू आहे, पण अंगात जोर नाही, धक्का लागला की आडवा, दोन वर्षांत प्रगती नाही. ज्ञानोबा हा विष्णूचा बाप. विट्याकडचा माणूस, गलाई कामगार. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायचं काम, म्हणजे गलाई. सांगलीच्या त्या पट्ट्यातली माणसं यासाठी देशभर पांगलीत, आणि फरीदाबादच्या सराफ बाजारातही तीन-चार दुकानं आहेत. तेजाबानं ज्ञानोबाची नखं पिवळी पडलेली.

"साहेब," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "पोराचं वय शाळेत दोन वर्सांनी जास्त लागलंय. लहान हाय त्यो. मोठ्या पोरांत टिकंना म्हून तुमी काढाय लागलाय, पर त्यो लहानच हाय."

बळवंतरावांना हसू आलं. सदतीस अधिक तीन, चाळीस वर्षं हेच वाक्य ऐकत आले होते.

"कागद आहे?"

"कागद न्हाई. शाळंचा दाखला हाय, त्यावरच आधार काढलं. पर साहेब, मी बाप हाय त्याचा..."

"सगळे बापच असतात, ज्ञानोबा. पहिल्या वर्षी एक बाप आला होता, त्याचा मुलगा चार वर्षांनी लहान होता. कागदाशिवाय बोलायचं नाही."

ज्ञानोबा म्हणाला, "बरं. तीस तारखंला घिऊन जातो. भट्टीवर हाताखाली लागतंयच कुणीतरी." आणि पिवळ्या नखांच्या हातानं नमस्कार करून निघून गेला.

संध्याकाळी जेवताना बळवंतरावांनी ही हकीकत पराक्रमासारखी सांगितली. अलकाताई पोळी लाटत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! तुमचं स्वतःचं वय वाढवून लावलं, त्याचं गाऱ्हाणं मी अडतीस वर्षं ऐकतेय. त्या बिचाऱ्याचं तुम्ही दोन मिनिटं ऐकलं नाहीत?"

"माझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? तुम्ही कोल्हापूरचे आणि तो विट्याचा, एवढीच ना? त्या पोराची तारीख तरी काय लावलीय?"

"एक जून दोन हजार..." बळवंतराव बोलले, आणि घास तोंडापाशी थांबला.

एक जून. दोन वर्षं ही तारीख त्यांच्याच अक्षरात त्यांच्याच रजिस्टरात होती. नऊ चोर पकडणाऱ्या माणसाला आपल्याच जातकुळीची तारीख ओळखू आली नव्हती. कारण ते कधी त्या बाजूनं बघतच नव्हते! वय कमी लावणारे लबाड असतात, एवढंच त्यांना ठाऊक. वाढवून लावलेल्याला कोण शोधतो? अलकाताईंनी मोठ्या मनानं टोमणा मारला नाही.

सकाळी सातला त्यांनी कार्यालय उघडलं आणि विष्णूची फाइल काढली. सोळा महिन्यांपूर्वी संघटनेच्या नियमाप्रमाणे सगळ्या मुलांच्या मनगटाचे एक्स-रे झाले होते. हाडांवरून वयाचा अंदाज येतो, म्हणून. अहवालाच्या तळाशी चौकट होती: 'पात्र'. बळवंतरावांनी त्या वेळी चौकट बघितली, लाल रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पान उलटलं. आज त्यांनी वरचे आकडे वाचले. कागदावरचं वय: तेरा वर्षं सहा महिने. हाडांचं वय: अकरा वर्षं तीन महिने.

कागद बोलत होता हो. सोळा महिने बोलत होता. यांनीच ऐकलं नव्हतं.

लाज वाटली त्यांना, खरी, कान तापावेत अशी. ते तडक वसतिगृहात गेले. नाश्त्याला पोहे होते. विष्णूनं बशी बाजूला सरकवली आणि उभा राहिला. "तुझा जन्म कुठला रे?" त्यांनी विचारलं. "आजीच्या गावचा सर. आईची आई. चौथीपर्यंत मी तिच्याकडेच होतो. मग इकडे आलो." आणि जरा थांबून, "सर, घरी कधी जायचंय? सामान पॅक करू का?"

"थांब जरा," बळवंतराव म्हणाले. आजीचा नंबर तेवढा घेतला.

आजीचं नाव भीमाबाई. फोनवर आवाज असा खणखणीत, की लाउडस्पीकर लावायची गरज पडली नाही. नातवाची जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, "तारीख-बिरीख मला इचारू नगा. धोंड्याच्या म्हैन्यात झालाय त्यो."

"कुठल्या धोंड्यात, आजी?"

"गणपतीच्या आदल्या धोंड्यात. जावयाला धोंड्याचं वाण द्याचं म्हून बलिवलं हुतं. पहिलाच धोंडा, लेक नववा म्हैना लागून माझ्याकडंच. जावई दुपारी आला, हातपाय धुतलं, पानावर बसला, आन लेकीला कळा सुरू. भरलं ताट टाकून जीप आणाय पळाला बघा. अनारसं मी दवाखान्यात वाटलं, पेढ्याऐवजी!"

"आणि शाळेत वय का वाढवलंत?"

"मी वाढिवलं व्हय? लेक-जावई दिल्लीला गेली, मी रोजगाराला जायची, पोरगं घरात कुणाच्या जिवावर ठिवू? आन गुरुजीबी म्हणालं, आजी, पट कमी पडतुया, शाळा बंद पडंल, द्या बसवून. चौथं वरीस हुतं, सहा लिवलं. शाळा वाचली की आमची!" भीमाबाई हसल्या. मग एकदम आवाज उतरला. "का वो? काय चुकलं का आमचं?"

"नाही आजी," बळवंतराव म्हणाले. "तुमचं नाही."

धोंडा म्हणजे अधिक महिना दर अडीच-तीन वर्षांनी येतो, पण दर वेळी वेगळ्या महिन्याला लागून. अलकाताईंनी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून जुनी पंचांगं काढली. त्या ती कधी टाकून देत नाहीत, आणि यावरून घरात आजवर किती भांडणं झाली! २०१० चा धोंडा पडला होता वैशाखात, ऐन उन्हाळ्यात. गणपतीच्या तोंडावर भाद्रपदात पडला तो २०१२ साली. "दोन वर्षं," अलकाताई बोट ठेवून म्हणाल्या. मग बळवंतरावांनी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात फोन केले, ग्रामपंचायतीला फोन केले, त्यांच्या सरकारी भाषेत गोड बोलले, सरकारी भाषेत दमही दिला. पाचव्या दिवशी नोंदीचा उतारा आला: तीन सप्टेंबर २०१२, मुलगा, आईचं नाव, बापाचं नाव ज्ञानोबा. बाळाच्या नावाची जागा कोरी. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली.

कागद घेऊन ते साकेतकडे गेले. साकेतनं सगळं ऐकलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय? तीन आठवड्यांवर तपासणी आहे. आपलं नाव कशावर आहे? अरावलीवाले वयाला हात लावत नाहीत, यावर. आणि आता आपणच संघटनेला लिहायचं, की आमच्या एका मुलाचं वय दोन वर्षांनी कमी करा? तेही बाळाचं नाव नसलेल्या उताऱ्यावर? यार, लोक हसतील. म्हणतील, बघा, हेही त्यातलेच निघाले!"

"म्हणतील."

"त्यापेक्षा यादीत राहू दे त्याला. नवा कागद घेऊन दुसऱ्या अकादमीत जाईल तो. बिल्कुल जाईल. मी स्वतः फोन करतो कुणाला तरी."

"आणि तिथला रजिस्ट्रार त्याला काय म्हणेल?" बळवंतराव म्हणाले. "मी त्याच्या बापाला म्हणालो तेच. साकेत, दोन वर्षं हे पोरगं आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या पोरांचे धक्के खातंय, आणि आपण लिहितोय, प्रगती नाही. अहवाल माझ्या फाइलीत होता. मी वाचला नाही. चूक माझी आहे, तुमची नाही आणि त्याची तर नाहीच नाही. तसं मी लिहून देतो."

आणि खरंच दिलं. दीड पानाची टिप्पणी, मुद्देसूद, शेवटी: 'सदर चूक अधोस्वाक्षरीकर्त्याची आहे.' चाळीस वर्षांत दुसऱ्यांच्या चुकांवर इतकं लिहिलं, स्वतःच्या चुकीवर हे पहिलंच. साकेतनं ते दोनदा वाचलं.

"संघटना त्यांच्या डॉक्टरकडून पुन्हा एक्स-रे करून घेईल," तो म्हणाला. "सात-आठ आठवडे जातील. तोवर तो सामना खेळू शकणार नाही, आणि आपली श्रेणी बहुतेक लटकेल. काका, रिपोर्ट उलटा आला तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मालक ऐकायचे नाहीत."

"ठेवूही नका."

"आणि विष्णूलाही."

आपली नोकरी गेली तर गेली, एकदा जाऊन झालेलीच होती. पण मुलाला दुसऱ्यांदा घरी पाठवायचं, हे बळवंतरावांना सोसणारं नव्हतं. तरी दोघांनी कागद संघटनेकडे पाठवले.

तीस तारखेला ज्ञानोबा टेम्पो घेऊन आला, पोराची ट्रंक न्यायला. बळवंतराव फाटकातच उभे होते. "ट्रंक राहू द्या," ते म्हणाले, आणि मग चारचौघांत, चौकीदारासमोर, "ज्ञानोबा, माझं चुकलं. तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकून घ्यायला हवं होतं." ज्ञानोबा गडबडला. मोठ्या माणसानं माफी मागितली की काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "असूं द्या की साहेब, असूं द्या," म्हणत त्यानं रिकामा टेम्पो वळवला.

तपासणी झाली, आणि साकेत म्हणाला होता तसंच झालं. श्रेणी लटकली: प्रकरण मिटेपर्यंत निर्णय नाही. मालकांनी साकेतला फोनवर अर्धा तास झापलं. साकेतनं ते मूग गिळून ऐकलं आणि काकांना एक शब्द बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. मे गेला, जून लागला. फरीदाबादचं ऊन म्हणजे काय विचारता, सकाळी सहालाच मैदान तापायचं. विष्णू तेरा वर्षांखालच्यांबरोबर सराव करायचा आणि सामना असला की कडेला बसून पाण्याच्या बाटल्या भरायचा. का ते त्याला नीट सांगितलेलं नव्हतं. कागदाचं काही काम बाकी आहे, एवढंच. साकेतचं म्हणणं, रिपोर्ट उलटा आला तर पोराला दोनदा मारल्यासारखं होईल. बळवंतराव रोज ईमेल बघायचे. दिवसातून चारदा बघायचे. रात्रीची पोळी एकवर आली. अलकाताई म्हणाल्या, "तुमच्या स्वतःच्या बढतीच्या वेळी एवढे नव्हता सुकला."

"तेव्हा फक्त माझंच जाणार होतं," ते म्हणाले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी अहवाल आला. या खेपेला बळवंतरावांनी तळाची चौकट बघितलीच नाही. पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचत खाली आले. हाडांचं वय: बारा वर्षं आठ महिने. खाली संघटनेचा आदेश: जन्मतारीख तीन सप्टेंबर २०१२ ग्राह्य धरण्यात येत आहे.

साकेत ओरडला, इतका मोठ्यानं की मैदानावर जयदीपनं शिट्टी थांबवली. "आता बाकीच्या पोरांचे अहवाल काढा काका! सगळे. दोन्ही बाजूंनी वाचायचे." ते काढले, आणि आणखी तीन मुलं निघाली वय वाढवून लावलेली, तिन्ही आपापल्या संघात 'अंगात जोर नाही' म्हणून मागे पडलेली. पण ते नंतर. त्या दुपारी बळवंतराव आधी मैदानाकडे निघाले. भर उन्हात, टोपी न घालता.

विष्णू कडेच्या नळावर बाटल्या भरत होता. त्यांना बघून उभा राहिला. "सर, जायचंय का?"

"नाही. बस इथं." तेही शेजारच्या कट्ट्यावर बसले. कसं सांगावं ते वाटेत ठरवलं होतं, पण ऐनवेळी सगळं विसरले. "विष्णू, शाळेत तुझं वय चुकून जास्त लागलं होतं. तू पंधराचा नाहीस. अजून तेराही पूर्ण नाहीस. आजपासून तू तेरा वर्षांखालच्या संघात. सामनेही खेळायचे. कुठेही जायचं नाही."

बाटली भरून वाहायला लागली तरी पोरानं नळ बंद केला नाही. बळवंतरावांना वाटलं, याला कळलं नाही बहुतेक. ते पुन्हा सांगणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, अगदी हळू आवाजात:

"म्हणजे सर, मी कमजोर नव्हतो? फक्त छोटा होतो?"

"हो रे राजा. फक्त छोटा होतास."

विष्णूनं नळ बंद केला. मनगटानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग असा हसला की दोन वर्षांत त्याला तसं हसताना कुणी बघितलं नव्हतं. "मला वाटायचं मी कमजोरच आहे," तो म्हणाला. "रात्री पुश-अप्स मारायचो."

पलीकडून जयदीपनं हाक मारली, तेरा वर्षांखालच्या संघात एक जण कमी पडत होता. विष्णू बुटाची नाडी बांधायलाही थांबला नाही. बळवंतराव बाटल्यांपाशी बसून राहिले, आणि पाचव्या मिनिटाला जाळीच्या आतून पहिल्यांदाच ओरडले, "अरं सोडू नको बॉल! ने पुढं, तुझाच हाय!"